डायटिशियन व्हायचंय? मग कॉलेजच्या आधी हॉस्पिटलचं विचारा

जून-जुलै आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. नीटमध्ये मार्क नाही आले, बारावीला पीसीबी होतं, नर्सिंग नको म्हणते, मग डायटिशियनला घालायचं का, आणि लगेच पुढचा प्रश्न, ते ऑनलाइन सहा महिन्यांत होतं ना?

नाही होत. सहा महिन्यांत सर्टिफिकेट मिळतं, फ्रेम करून भिंतीवर लावता येतं, पण त्यावर तुम्हाला कुठलं बरं हॉस्पिटल पेशंटच्या फाइलला हात लावू देणार नाही. बारावीनंतर साधारण साडेचार ते साडेपाच वर्षं धरून चला. तीन वर्षांची बीएस्सी, मग एक वर्षाचा पीजी डिप्लोमा नाहीतर दोन वर्षांची एमएस्सी, हॉस्पिटलमधली इंटर्नशिप आणि शेवटी आरडीची परीक्षा, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन. एवढं ऐकून निम्मे लोक फोन ठेवतात, उरलेल्यांसाठी सविस्तर लिहितेय.

आधी हे काम नक्की काय आहे ते. लोकांच्या डोक्यात डायटिशियन म्हणजे वजन कमी करून देणारी बाई, सकाळी जिरं-पाणी, रात्री सूप, मधे चार बदाम. ते पण करतो आम्ही, नाही असं नाही, पोटापाण्याला करावंच लागतं. पण शिक्षण जे आहे ते मुळात आजारी माणसाच्या जेवणाचं आहे. किडनी गेलेला माणूस, जळालेला माणूस, आयसीयूत नळीवर असलेला, कॅन्सरची केमो चालू असलेला, टाइप वन डायबेटिसचं आठ वर्षांचं पोर. यांना किती कॅलरी, किती प्रोटीन, किती मीठ, किती पाणी, आणि ते कशातून, हे ठरवायचं आणि मग ते खरंच पोटात गेलं का हे बघायचं. न्यूट्रिशनिस्ट आणि डायटिशियन यातला फरक पण इथेच आहे. आपल्याकडे न्यूट्रिशनिस्ट हे नाव आजवर कुणीही लावत आलंय, जिमचा ट्रेनर लावतो, पावडर विकणारी शेजारीण लावते. आरडी मात्र डिग्री, इंटर्नशिप आणि परीक्षा हे सगळं पार केल्याशिवाय लावता येत नाही.

आता रस्ता. अकरावी-बारावीला सायन्स, बायोलॉजी आणि केमिस्ट्रीसकट, हे सगळ्यात सेफ. होम सायन्सला काही कॉलेजं आर्ट्स-कॉमर्सची मुलंही घेतात, घेऊ देत, पण दुसऱ्या वर्षाला बायोकेमिस्ट्री समोर आली की त्यांची फार ओढाताण होते हे बघितलंय. बीएस्सीची नावं प्रत्येक विद्यापीठात वेगळी, कुठे होम सायन्स आणि त्यात फूड अँड न्यूट्रिशन, कुठे थेट न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स, कुठे कम्युनिटी सायन्स. नावावर जाऊ नका, विषय बघा. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फूड सायन्स, कम्युनिटी न्यूट्रिशन आणि थेराप्युटिक डाएट, म्हणजे आजारातला आहार, हे सगळं त्यात पाहिजे. फूड टेक्नॉलॉजी हा वेगळा प्रकार, तिथून तुम्ही बिस्किटाच्या फॅक्टरीत जाता, वॉर्डात नाही. हे दोन एकच समजून अ‍ॅडमिशन घेतलेली मुलं दर वर्षी भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

महाराष्ट्रात हे शिकवणाऱ्या जुन्या जागा ठरलेल्या आहेत. मुंबईत एसएनडीटीचं जुहूचं होम सायन्स कॉलेज आणि चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे रोडला एसएनडीटी, नागपुरात एलएडी कॉलेज, परभणीला कृषी विद्यापीठाचं कम्युनिटी सायन्सचं कॉलेज. गोव्याच्या मुलींना पणजीलाच कांपालला होम सायन्स कॉलेज आहे, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. बाकी हल्ली खाजगी विद्यापीठांनी पण कोर्स काढलेत, काही चांगले आहेत, काहींचं फक्त ब्रोशर चांगलं आहे.

बीएस्सीनंतर दोन वाटा. डायटेटिक्सचा पीजी डिप्लोमा एक वर्षाचा, हॉस्पिटलकडे लवकर नेतो. एमएस्सी दोन वर्षांची, त्यात रिसर्च, स्टॅटिस्टिक्स, प्रोजेक्ट येतो, पुढे लेक्चररशिप किंवा पीएचडी करायची असेल तर हीच लागते. माझं विचाराल तर परवडत असेल तर एमएस्सी करा. डिप्लोमा वाईट नाही, उलट हॉस्पिटलात काम करणाऱ्या कितीतरी सीनियर बायका डिप्लोमावाल्याच आहेत, पण आता जाहिरातींमध्ये एमएस्सी मागायला लागलेत आणि परदेशात जायचं तर डिप्लोमाचं काय करायचं हे तिथल्या लोकांना कळत नाही.

आता खरी गोष्ट, इंटर्नशिप. ही तीन ते सहा महिन्यांची असते, तुमची डिग्री कुठली त्यावर ठरतं, पीजी डिप्लोमावाल्यांना सहा महिने. स्टायपेंड बऱ्याच ठिकाणी नाही, काही ठिकाणी उलट फी घेतात, ते आधीच विचारून ठेवा म्हणजे महिन्याच्या पासचं आणि डब्याचं गणित जमतं. पण या काळात जे कळतं ते तीन वर्षांच्या पुस्तकांत कळत नाही, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिलं काम शिकवतात ते पेशंटला बोलतं करायचं. चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात, म्हणजे कालपासून आत्तापर्यंत काय काय तोंडात गेलं ते सगळं काढून घ्यायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात असं होतं:

"काका, काल सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही, चहा."

"चहाबरोबर?"

"चहाच. खारी असते ती."

"किती?"

"असतील दोन-तीन. काल एकादशी होती, काल काहीच खाल्लं नाही मी."

काहीच खाल्लं नाही म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस, रात्री केळं. (एकादशीला खारी कशी चालली हे विचारायचं नाही, पेशंट बिथरतो.) काका इन्सुलिनवर आहेत आणि शुगर का वाढली ते डॉक्टरांनी विचारलंय. इंटर्नला पहिल्या आठवड्यात हे काढता येत नाही, ती फाइलवर "उपवास" लिहून मोकळी होते. सीनियर जाते आणि त्याच काकांकडून दाण्याचं कूट किती चमचे इथपर्यंत माहिती घेऊन येते. ओरडून नाही, शेजारी बसून.

मग मापं. दोन पोळ्या म्हणजे किती? कोल्हापूरकडची चपाती, पुण्याची घडीची पोळी आणि फुलका यांत दुप्पट फरक पडतो. वाटी म्हणजे आमटीची का श्रीखंडाची? म्हणून इंटर्नच्या ड्रॉवरमध्ये तीन मापाच्या वाट्या, चमचे आणि पेला असतो, ते पेशंटसमोर ठेवून विचारायचं. तेलाचं तर कुणालाच सांगता येत नाही, सगळे म्हणतात आमच्याकडे तेल कमीच असतं. तिथे युक्ती अशी की तेल विचारायचंच नाही, कॅन विचारायचा. पाच लिटरचा कॅन किती दिवस जातो आणि घरात माणसं किती? चार माणसांत महिन्याला एक कॅन संपत असेल तर माणशी दिवसाला चाळीस मिलीच्या वर गेलं, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे नवे आहार-नियम काढले त्यातल्या दोन हजार कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅमच धरलंय. हे गणित मांडलं की घरातली बाई आणि नवरा एकमेकांकडे बघायला लागतात, आपण गप्प बसायचं.

ही हैदराबादची संस्था म्हणजे आमच्या धंद्याचं माहेर आहे. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीवर संशोधन करायला एका खोलीत सुरू केली, १९५८ ला हैदराबादला आली. तुम्ही शिकताना ज्या तक्त्यांवरून कॅलरी-प्रोटीन मोजाल ते इथलेच, २०१७ च्या आवृत्तीत ५२८ भारतीय पदार्थांचं पृथक्करण आहे. परदेशी अ‍ॅपमध्ये थालीपीठ टाकून काहीतरी आकडा काढण्यापेक्षा ज्वारी, बाजरी, बेसन वेगवेगळं मोजून बेरीज करायची, ही सवय कॉलेजातच लागते, आणि लागली पाहिजे.

किडनीच्या वॉर्डात गेल्यावर मात्र सगळ्यांचीच धांदल उडते. कारण तिथे एकाच आजाराला दोन उलटे सल्ले आहेत. किडनी खराब होत चाललीय पण डायलिसिस सुरू नाही, तेव्हा प्रोटीन कमी ठेवायचं, किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. तोच माणूस डायलिसिसवर गेला की प्रोटीन वाढवायचं, किलोमागे १ ते १.२, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम, कारण डायलिसिसमध्ये अमिनो अ‍ॅसिड बाहेर निघून जातात आणि शरीर झिजतं. आता हा पेशंट दोन वर्षं डाळ-अंडी बंद करून बसलेला, घरच्यांनी त्याचं पथ्य अगदी श्रद्धेनं पाळलेलं, आणि एके दिवशी तुम्ही जाऊन सांगता की आता रोज अंड्याचा पांढरा भाग खा. त्यांना वाटतं ही पोरगी शिकाऊ आहे, हिला काही कळत नाही. मग समजावत बसायचं, आणि ते समजावणं हेच काम आहे.

तिथलीच दुसरी गोष्ट पोटॅशियमची. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, नारळपाणी बंद, हे कुठलाही डायटिशियन सांगेल. पण पेशंटच्या घरात कुणीतरी ब्लडप्रेशरसाठी म्हणून लो सोडियम मीठ आणलेलं असतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि ते किडनीच्या माणसाला थेट धोक्याचं आहे, हार्टची लय बिघडू शकते. पेशंट स्वतःहून हे सांगत नाही, कारण त्याच्या मते त्यानं चांगलंच काम केलंय. म्हणून मिठाचं पाकीट कुठलं, हा प्रश्न विचारायचाच. आणि सैंधव वापरतो म्हणाला तर तेही शेवटी सोडियमच, हे पण सांगायचं.

नळीवरच्या पेशंटचं गणित इंटर्नला वहीत करायला लावतात. समजा ५५ किलोची बाई, नाकातून नळी. किलोमागे २५ ते ३० कॅलरी धरल्या तर १३७५ ते १६५०, मधला आकडा १५०० घेतला. प्रोटीन किलोमागे १.२ धरलं तर ६६ ग्रॅम. फीड एका मिलीला एक कॅलरीचं असेल तर १५०० मिली, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत दर दोन तासांनी दिलं तर आठ वेळा, म्हणजे एका वेळी १९० मिलीच्या आसपास. झालं? नाही झालं. ती बाई दहा दिवस जवळजवळ उपाशी होती असं रिकॉलमध्ये निघालं तर पहिल्याच दिवशी १५०० घालायचं नसतं, एकदम अन्न मिळाल्यावर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली येतं आणि त्यात माणूस दगावू शकतो. आधी थायमिन (म्हणजे बी-वन व्हिटॅमिन), रिपोर्ट, डॉक्टरांशी बोलणं, मग थोडं थोडं वाढवत न्यायचं. तेवढ्यात नातेवाईक येऊन विचारतात, मॅडम, घरनं वरणाचं पाणी आणू का, त्यात ताकद असते. त्यात ताकद नसते हो, डाळ खाली राहते आणि वरचं पाणीच नळीत जातं. आणि घट्ट आणलं तर नळी तुंबते. पण हे सांगताना त्या मावशींनी पहाटे उठून ते शिजवलेलं असतं हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर उद्या त्या तुमचं काहीच ऐकणार नाहीत.

हॉस्पिटलच्या किचनमध्ये पण ड्युटी लागते, ती कुणाला आवडत नाही. ट्रे लावताना सॉफ्ट डाएट, लिक्विड, डायबेटिक, मीठ-कमी अशी लेबलं बघायची, सँपल बाजूला काढून ठेवायचं, स्वयंपाक्याशी भांडायचं नाही. तो तिथे वीस वर्षं आहे आणि तुम्ही सहा महिने. त्याच्याशी जमलं तर मीठ-कमी ट्रे खरंच मीठ-कमी निघतो.

म्हणून वर मथळ्यात म्हटलं तसं, अ‍ॅडमिशन घेताना बिल्डिंग बघू नका, इंटर्नशिपला मुली कुठल्या हॉस्पिटलात जातात ते विचारा. तिथे बेड किती, किडनी, आयसीयू, लहान मुलांचा वॉर्ड आहे का, देखरेखीला आरडी आहे का, आणि इंटर्न स्वतः केस लिहितात का नुसते चार्ट झेरॉक्स करतात. शेवटचा प्रश्न ऑफिसात नका विचारू, कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलीला विचारा.

यानंतर आरडी. ही परीक्षा इंडियन डायटेटिक असोसिएशन घेते, सगळे आयडीए म्हणतात, १९६३ साली स्थापन झालेली संस्था, डॉ. सी. गोपालन हे तिच्या सुरुवातीच्या धुरीणांपैकी. योग्य डिग्री आणि इंटर्नशिपचं सर्टिफिकेट असेल तरच बसता येतं. पेपरात फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्रीसारखे पायाचे विषय, न्यूट्रिशन, आजारांतला आहार आणि फूड सर्व्हिस असं सगळंच येतं, म्हणजे बीएस्सीला घोकून विसरलेलं परत काढावं लागतं. पास होणं अशक्य नाही पण आठवडाभर वाचून पण होत नाही. इंटर्नशिप संपल्या संपल्या द्या, केसेस डोक्यात ताज्या असतात, नोकरीत अडकलात की राहून जातं, राहून गेलेल्या भरपूर आहेत. आणि आयडीएचं नुसतं मेंबर असणं म्हणजे आरडी नव्हे, कार्डावर "आयडीए मेंबर" वाचून फसू नका. आरडी मिळाल्यावरही नंतर ठरावीक काळानं नूतनीकरण असतं, त्यासाठी परिषदा-वर्कशॉप करून पॉइंट जमवायचे.

पात्रतेच्या अटी मधे मधे बदलतात, त्यामुळे कुठल्या दीदीच्या व्हिडिओवर विसंबू नका, आयडीएच्या नोंदणी मंडळाची ताजी माहितीपत्रिका काढा आणि तुमच्या डिग्रीचं नेमकं नाव त्यात बसतं का ते अ‍ॅडमिशनच्या आधी बघा. हे केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीतून बीएस्सी करून इकडे येणाऱ्यांना जास्त लागू आहे.

आता कायद्याचं, कारण गेल्या चार-पाच वर्षांत इथेच सगळ्यात जास्त हललंय. आधी काय होतं की आरडी असलात तरी ती एका संस्थेची मान्यता होती, डॉक्टरांना जशी कायद्याची नोंदणी लागते तशी डायटिशियनला लागत नव्हती. २०२१ साली संसदेनं अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, फिजिओथेरपिस्ट, लॅबवाले, ऑप्टोमेट्रिस्ट असे सगळे त्यात आले आणि न्यूट्रिशन सायन्स हा एक गट म्हणून आला, त्यात डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघंही. एक राष्ट्रीय आयोग, प्रत्येक राज्यात कौन्सिल, अभ्यासक्रमाचा दर्जा आयोग ठरवणार आणि काम करणाऱ्याचं नाव रजिस्टरवर असणार, असा तो आराखडा. हेल्थकेअर प्रोफेशनलची व्याख्या करताना कायद्यात किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली डिग्री म्हटलंय. सहा महिन्यांच्या वीकेंड कोर्सला त्यात जागा नाही हे सांगायला वकील नको.

याचाच पुढचा धक्का २०२५ मध्ये बसला. त्या ऑगस्टमध्ये यूजीसीनं सांगितलं की या कायद्याखाली येणारे कोर्स डिस्टन्स किंवा ऑनलाइन पद्धतीनं चालवायचे नाहीत, २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून नव्या अ‍ॅडमिशन बंद. त्यात फूड अँड न्यूट्रिशन सायन्स आणि क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स ही नावं स्पष्ट आहेत. इतकी वर्षं लग्न झालेल्या, तालुक्याला राहणाऱ्या, नोकरी सांभाळणाऱ्या बायकांना मुक्त विद्यापीठाची एमएस्सी हाच रस्ता होता, इग्नूतून कितीतरी जणी अशा शिकल्या आणि चांगलं काम करतायत. तो रस्ता गेला याचं मला वाईट वाटतं, खरंच. पण वॉर्डातलं काम घरी बसून शिकता येत नाही हेही खरं आहे. लातूरच्या किंवा सिंधुदुर्गच्या मुलीला जवळ कॉलेज द्या आणि मग डिस्टन्स बंद करा, असा क्रम असता तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

तात्पर्य काय निघतं अ‍ॅडमिशनपुरतं, तर आज कुणी एजंट "डिस्टन्समधून एमएस्सी डायटेटिक्स, घरबसल्या" म्हणून फोन करत असेल तर फोन ठेवून द्या. आणि रेग्युलर कॉलेजला पण विचारा की आयोगाचा नवा अभ्यासक्रम येतोय त्याबाबत तुमची तयारी काय, उत्तर न देता ते फक्त हसले तर समजून जा.

नोकऱ्या. हॉस्पिटल हे पहिलं, पण सुरुवातीचा पगार बघून घरचे विचारतात यासाठी पाच वर्षं शिकलीस का, हे आधीच सांगून ठेवते. दोन-तीन वर्षांनी स्वतःची ओपीडी, डायबेटिसच्या डॉक्टरांबरोबर क्लिनिक, डायलिसिस सेंटर असं जोडून गाडी रुळावर येते. सरकारीत आहारतज्ज्ञाची पदं निघतात पण थोडी, आणि जाहिरात कधी येईल त्याची वाट बघत घरी बसू नका. शाळा, कंपन्यांची कँटीन, खेळाडू, फूड कंपन्यांचं लेबलिंग, कॉलेजात शिकवणं, हे सगळं आहे.

एक जागा मात्र मला वाटतं जास्त मुलींनी बघायला हवी, ती म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र. मेळघाट, नंदुरबार, पालघर ही नावं कुपोषणाच्या बातम्यांत येतात, तिथल्या सरकारी दवाखान्यांत तीव्र कुपोषित मुलांना आईसकट भरती करतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळतात, माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल. भरती झाल्यावर पोराला एकदम भरपेट द्यायचं नाही, आधी एफ-७५ नावाचं दूध, १०० मिलीत ७५ कॅलरी, तब्येत सावरली की एफ-१००, त्यात १०० कॅलरी. वर नळीवाल्या बाईचं सांगितलं तेच कारण. आणि तिथल्या आईला हे सांगायचं तर कोरकू, पावरी, वारली या बोलींतलं थोडं तरी यावं लागतं आणि तिच्या घरात काय शिजतं ते माहीत असावं लागतं. बदाम भिजवून द्या म्हणणारी डायटिशियन तिथे एक दिवस टिकणार नाही.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून आरडीच्या परीक्षेला बसायलाच मास्टर्स डिग्री लागते. ब्रिटनमध्ये डायटिशियन हे नाव कायद्यानं राखीव आहे, एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय लावता येत नाही, ऑस्ट्रेलियात त्यांची स्वतःची प्रमाणपत्राची पद्धत आहे. कुठेच आपली आरडी थेट चालत नाही, पुन्हा कागदपत्रांची छाननी, काही वेळा पुन्हा प्लेसमेंट. त्यामुळे लग्न होऊन न्यू जर्सीला जायची शक्यता असेल तर प्रत्येक सेमिस्टरचा सिलॅबस आणि इंटर्नशिपचे तास लिहिलेलं पत्र सही-शिक्क्यानिशी जपून ठेवा, दहा वर्षांनी कॉलेजकडे मागितलं तर क्लार्क बदललेला असतो.

राहिले ते नेहमीचे प्रश्न. मुलगी शाकाहारी आहे, प्रॅक्टिकलला अंडी करावी लागतात का? बऱ्याच ठिकाणी लागतात, खायची सक्ती नसते, पण पेशंटला सांगायचं तर अंडं शिजायला किती वेळ लागतो हे माहीत असलेलं बरं. मॅथ्स हवंय का? बारावीचं नको, पण गुणाकार-भागाकार भराभर यायला हवेत, वॉर्डात डॉक्टर उभे असतात आणि तुम्ही कॅल्क्युलेटर शोधत असता. नावामागे डॉ. लावता येतं का? पीएचडी करा आणि लावा, त्याआधी नाही, आणि औषधं तर तेव्हाही लिहायची नाहीत. मुलगा आहे, चालेल का? का नाही चालणार, फक्त एसएनडीटी हे महिला विद्यापीठ आहे आणि इतरही काही जुनी कॉलेजं मुलींसाठीच आहेत, तेव्हा मुलगे घेणारं कॉलेज आधी हुडका, नाहीतर शोधेपर्यंत फॉर्मची तारीख निघून जाते.